डोंगर आपला आपण फुटतो
(‘इरप्ट’ या इंग्रजी क्रियापदावरील अभ्यासवहीची प्रस्तावना)

‘द व्हॉल्केनो वॉज इरप्टेड.’

हे वाक्य मुलांच्या वह्यांत मी वर्षानुवर्षे वाचत आलो आहे. मराठी शाळेतून इंग्रजीकडे वळणारा आमच्या भागातला जवळजवळ प्रत्येक मुलगा, प्रत्येक मुलगी ते एकदा तरी लिहिते. शाळकरी वयात मीही ते लिहिले होते. त्यावर तांबडी रेघ उमटली, ‘वॉज’ खोडले गेले आणि तास पुढे सरकला. ते का खोडले, हे कोणी सांगितले नाही. पुढे मी स्वतः फळ्यापाशी उभा राहिलो, तेव्हा पहिली काही वर्षे मीसुद्धा तीच रेघ तशीच ओढत होतो. त्या रेघेमागचे कारण सांगावे, म्हणून ही अभ्यासवही लिहिली.

वहीत एकाच क्रियापदाचा अभ्यास आहे. एका क्रियापदासाठी एवढी पाने कशाला, असे कोणीही विचारील. त्याचे उत्तर असे, की ‘इरप्ट’ नीट वापरायचे तर लेखणी टेकवण्याआधी स्वतःला एक प्रश्न विचारावा लागतो : जे घडले ते कोणी केले, की आपले आपण झाले? हा प्रश्न विचारायची सवय एका शब्दावर पक्की झाली, की ती बाकीच्या शब्दांनाही लागते. मग इंग्रजी सुधारतेच, आणि मराठीही अधिक जबाबदारीने लिहिली जाते. प्रस्तावनेच्या शेवटी मी याच मुद्द्याकडे परत येणार आहे. त्याआधी चूक कुठून येते ते पाहू.

१. चूक कुठून येते

मराठीत आपण म्हणतो, ‘ज्वालामुखीचा उद्रेक झाला.’ यातला ‘उद्रेक’ नाम आहे आणि क्रियापदाचे काम ‘होणे’ करते. लग्न झाले, पेरणी झाली, अपघात झाला, तसाच उद्रेक झाला. मुलाने ‘झाला’ला ‘वॉज’ म्हणायचे असे पाठ केलेले असते. ‘उद्रेक’ शब्दाखाली शब्दार्थांच्या यादीत त्याला ‘इरप्ट’ मिळतो. गोष्ट भूतकाळातली, म्हणून तो शेवटी ‘एड’ लावतो. तिन्ही तुकडे त्याने प्रामाणिकपणे आणलेले असतात आणि तिन्ही आपापल्या जागी बरोबर असतात, पण जोड चुकतो. कारण ‘वॉज’ आणि ‘एड’ शेजारी आले की इंग्रजीत कर्मणी प्रयोग होतो आणि वाचणाऱ्याला वाटते, या डोंगराला कोणीतरी फोडले. तो पुढे ‘कोणी’ हे शोधू लागतो आणि तिथे कोणीच नसते.

या दुखण्याचे औषध मराठीतच आहे. नारळ फुटतो, आपण नारळ फोडतो. दोरी तुटते, आपण ती तोडतो. गाठ सुटते, सोडली जाते ती सोडवणाऱ्याकडून. पडणे-पाडणे, गळणे-गाळणे, मरणे-मारणे या जोड्या आमची मुले बोलू लागल्यापासून अचूक वापरतात. कपबशी हातून निसटली तर चार वर्षांचे पोर ‘फुटली’ म्हणते, ‘फोडली’ म्हणत नाही. कोणी केले आणि काय आपोआप झाले यातला फरक त्याला व्याकरणाच्या तासाआधीच कळलेला असतो. तेव्हा मुलाला ‘इरप्ट म्हणजे उद्रेक’ असे न शिकवता ‘इरप्ट म्हणजे फुटणे, फोडणे कधीच नाही’ एवढे सांगितले, की निम्मी वही तिथेच शिकून होते. डोंगर फुटला, ‘द व्हॉल्केनो इरप्टेड’. मध्ये ‘वॉज’ शिरायला फटच उरत नाही.

मंठाळच्या मुलांकडे आणखी एक शिदोरी असते. आमचे गाव बिदर जिल्ह्यातल्या बसवकल्याण तालुक्यात, कलबुर्गी जिल्ह्याच्या सीमेकडे आहे. इथे घरात मराठी, बाजारात कन्नड आणि दख्खनी उर्दू कानावर पडते. कन्नडमधले ‘ओडे’ हे क्रियापद मडके आपोआप फुटले तरी चालते आणि कोणी ते फोडले तरी चालते. इंग्रजीतले ‘ब्रेक’ही असेच दोन्हीकडचे आहे. म्हणजे क्रियापदांच्या दोन तऱ्हा आमच्या मुलांना ओसरीवरच भेटतात : मराठीतली जोडीची आणि कन्नडमधली एकेरी. ‘ब्रेक’ कन्नडच्या वाटेने जाते, ‘इरप्ट’ मराठीतल्या ‘फुटणे’च्या वाटेने. सीमेवरच्या मुलाचे इंग्रजी कच्चे, असे म्हणणाऱ्यांना मी सांगू इच्छितो की तीन भाषांमध्ये वाढलेले हे मूल चौथ्या भाषेचे व्याकरण समजून घ्यायला इतरांपेक्षा अधिक तयार असते. त्याच्याजवळ असलेल्या साधनांची ओळख त्याला कोणीतरी करून द्यावी लागते, एवढेच.

काळांच्या बाबतीतही तसेच. ‘इज इरप्टिंग’ हे रूप शिकवताना पुस्तकी मराठीत ‘फुटत आहे’ सांगता येते. पण आमच्या बोलीत ‘येलालाय’, ‘करलालाय’ अशी एका शब्दातली रूपे आहेत. ‘डोंगर फुटलालाय’ म्हटले की क्रिया आता, या क्षणी चालू आहे हे मुलाच्या अंगात भिनते. बोलीला वर्गाबाहेर ठेवून हे साधत नाही.

२. शब्दाचे कूळ

‘इरप्ट’चे मूळ लॅटिन भाषेत आहे. ‘रुम्पेरे’ म्हणजे तोडणे, फोडणे, फाडणे. त्याच्यामागे ‘बाहेर’ या अर्थाचा ‘एक्स’ हा उपसर्ग लागला आणि ‘फोडून बाहेर पडणे’ असा अर्थ तयार झाला. ‘र’च्या आधी आल्यामुळे उपसर्गातला ‘क्स’ गळाला आणि स्वर दीर्घ झाला. संस्कृत संधी शिकलेल्याला हे ओळखीचे वाटेल. ‘निर्’ आणि ‘रस’ एकत्र आले की एक ‘र’ गळतो, ‘नि’ दीर्घ होतो आणि ‘नीरस’ तयार होते.

त्याच धातूला ‘आत’ या अर्थाचा ‘इन्’ उपसर्ग लागला की दुसरे क्रियापद बनते. त्याचा उच्चारही जवळजवळ ‘इरप्ट’च, पण अर्थ उलटा : जोराने आत घुसणे. इथे ‘न्’चा ‘र्’ झाला, जसा ‘तत्’ आणि ‘लीन’ मिळून ‘तल्लीन’ होते. म्हणून ज्वालामुखीचे क्रियापद ई-आर-यू-पी-टी असे एका ‘आर’चे आणि घुसण्याचे क्रियापद आय-आर-आर-यू-पी-टी असे दोन ‘आर’चे. कानाला दोन्ही सारखी, देवनागरीतही सारखीच दिसणारी. फरक फक्त इंग्रजी स्पेलिंगमध्ये कळतो. चांगले लिहिणारेही इथे चुकतात. लक्षात ठेवायला एक पाखरू उपयोगी पडते. हिवाळ्यात आपल्या ज्वारीच्या रानावर थव्याने उतरणारी भोरडी काही वर्षी पश्चिम युरोपात, जिथे ती एरवी फारशी दिसत नाही तिथे, अचानक मोठ्या संख्येने शिरते. पक्ष्यांचा अभ्यास करणारे या घुसण्याला दोन ‘आर’चे ‘इरप्शन’ म्हणतात. पाखरे आत आली तर दोन ‘आर’, लाव्हा बाहेर पडला तर एक ‘आर’.

या कुळातले इतर शब्द मुलांना आधीपासून माहीत असतात. कोणी बोलत असताना मध्येच तोडणे म्हणजे ‘इंटरप्ट’. सुरळीत चाललेल्या कामाची घडी विस्कटणे म्हणजे ‘डिसरप्ट’. कड्यासारखे एकदम तुटलेले ते ‘ॲब्रप्ट’. आतून मोडलेला, किडलेला तो ‘करप्ट’. ‘बँकरप्ट’चा अर्थ शब्दशः मोडलेले बाकडे असा आहे, इटलीतले सराफ ज्या बाकावर पैशांचा व्यवहार करत त्या बाकावरून तो आला. ‘रूट’, म्हणजे मार्ग, हाही इथलाच : जंगल-डोंगर फोडून काढलेली वाट. भाषांचे कूळ शोधणारे अभ्यासक ‘रुम्पेरे’चे नाते संस्कृत ‘लुप्’ धातूशीही जोडतात, ज्याच्यापासून आपले ‘लोप’ आणि ‘लुप्त’ आले. म्हणजे ‘इरप्ट’मधला ‘रप्ट’ आणि आपला ‘लुप्त’ हे फार दूरचे भाऊबंद आहेत. हे सांगितल्यावर वर्गातल्या मुलांचे चेहरे कसे बदलतात ते मी पाहिले आहे. परका शब्द त्यांना एकदम पाहुण्यासारखा वाटू लागतो.

आपला ‘उद्रेक’ मात्र निराळ्या चित्रातून आला. ‘उद्’ म्हणजे वर, आणि ‘रिच्’ धातूचा ‘रेक’. प्रमाणाबाहेर वाढणे, भरून वर येणे, असा त्याचा भाव. वैद्यकात पित्ताचा उद्रेक, कफाचा उद्रेक म्हणतात तो याच अर्थाने. लॅटिन बोलणाऱ्याला डोंगराचे कवच फुटताना दिसले. संस्कृत शब्द घडवणाऱ्याला आत काहीतरी भरत, चढत आलेले दिसले. ‘ज्वालामुखी’ हा शब्दही ज्वालामुखी पर्वतासाठी जन्मला नव्हता. हिमाचलातल्या कांगडा भागात ज्वालामुखीचे देऊळ आहे. तिथे जमिनीतल्या नैसर्गिक वायूच्या ज्योती जळतात. देवीचे ते नाव पुढे आग ओकणाऱ्या डोंगरांना मिळाले. शब्द असे एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी कामाला जातात. म्हणून शब्दाला शब्द ठेवून केलेले भाषांतर पुरत नाही. शब्दामागचे चित्र पाहावे लागते.

३. पायाखालचे उदाहरण

ज्वालामुखीचे वाक्य लिहायला मुलांना इटलीतला व्हेसुव्हियस किंवा इंडोनेशियातला क्राकाटोआ आठवतो. पाठ्यपुस्तकातल्या चित्रात शंकूसारखा डोंगर असतो आणि त्याच्या टोकातून धूर निघतो. मुलाला वाटते, ही दूरदेशची गोष्ट आहे. मी त्याला शाळेबाहेर नेतो आणि पायाखालचा काळा दगड दाखवतो.

तो दगड म्हणजे थंड झालेला लाव्हा. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनच्या जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून लाव्हा थरांवर थर पसरत गेला. आज जवळपास ५ लाख चौरस किलोमीटर भूमीवर तो आहे. सह्याद्रीत त्याची जाडी दोन किलोमीटरच्या घरात जाते, पूर्वेकडे येताना थर पातळ होत जातात आणि बिदर-कलबुर्गीच्या अंगाने या पठाराची कड येते. काही प्रवाह तर हजार किलोमीटर वाहत राजमहेंद्रीपर्यंत पोहोचले, असे भूवैज्ञानिक मानतात. डोंगरांचे कडे पायऱ्यांसारखे दिसतात म्हणून स्वीडिश भाषेतल्या जिन्याच्या शब्दावरून या खडकाला ‘ट्रॅप’ म्हणू लागले. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडणारी आमची काळी जमीन, तिच्यातली तूर आणि ज्वारी, हे सारे त्या फुटण्याचे देणे आहे. टोकदार डोंगर नसतानाही जमीन फुटू शकते. म्हणूनच ‘इरप्ट’चा कर्ता नेहमी ‘व्हॉल्केनो’च असायला हवा असे नाही. भेगेतून लाव्हा बाहेर आला, ‘लाव्हा इरप्टेड फ्रॉम फिशर्स’, हे वाक्य दख्खनसाठी अधिक खरे आहे.

आमच्या भागात तीन तऱ्हांचे दगड हाताशी आहेत आणि त्या तिघांना तीन वेगळी क्रियापदे लागतात. वहीतला एक धडा मी त्यांच्यावर बेतला आहे. पहिला काळा पाषाण : तो फुटून बाहेर आला, त्याला ‘इरप्ट’. दुसरी शहाबादी फरशी, जिच्यावर महाराष्ट्रातली कितीतरी घरे उभी आहेत. शहाबाद कलबुर्गी जिल्ह्यातले. ती फरशी म्हणजे चुनखडीचा दगड; पाण्याच्या तळाशी गाळ साचत साचत त्याचे थर झाले, आणि तो आपल्या काळ्या दगडापेक्षा कितीतरी जुना आहे. त्याला ‘डिपॉझिट’, म्हणजे साचणे. तिसरा बिदरचा तांबडा जांभा, म्हणजे लॅटराइट. बिदरच्या किल्ल्याचा खंदक ज्या खडकात खोदला तो हा. काळ्या दगडावर ऊन-पावसाने युगानुयुगे काम केले, त्यातली सिलिका वाहून गेली, लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहिले आणि जांभा तयार झाला. त्याला ‘वेदर’, म्हणजे हवापाण्याने झिजणे. फुटणे, साचणे, झिजणे. तीन दगड हातात घेऊन तीन क्रियापदे शिकलेले मूल ती सहसा विसरत नाही, आणि किल्ल्याच्या खंदकाविषयी ‘द लॅटराइट इरप्टेड’ असेही लिहीत नाही.

इथेच एक गुंतागुंत सांगायला हवी, कारण हुशार विद्यार्थी ती शोधून काढतोच. दख्खनच्या खडकांवरचे भूशास्त्रीय लेखन वाचताना ‘दीज लाव्हाज वेअर इरप्टेड’ अशी वाक्ये सापडतात. मग आम्ही खोडत आलो ते ‘वॉज’ बरोबर होते की काय? तसे नाही. शास्त्रीय इंग्रजीत ज्वालामुखी हा कर्ता आणि लाव्हा, राख ही कर्मे, असा प्रयोग मान्य आहे : ज्वालामुखीने लाव्हा ओतला, राख ओकली. तेव्हा लाव्हा ‘ओतला गेला’ असे म्हणता येते. डोंगर मात्र ‘फोडला गेला’ असे म्हणता येत नाही. जे बाहेर पडते ते कर्म होऊ शकते. जो फुटतो तो कर्म होत नाही. एवढे सूत्र लक्षात ठेवले तर शाळेतला नियम आणि शास्त्रज्ञांचा प्रयोग यांत भांडण उरत नाही.

काळाचे प्रयोगही खऱ्या डोंगरांवरच शिकावेत. अंदमानातल्या बॅरन बेटाचा ज्वालामुखी दीड शतकाहून अधिक काळ शांत राहून १९९१ मध्ये पुन्हा जागा झाला. ठरावीक वर्ष दिले आहे, म्हणून साधा भूतकाळ : ‘इरप्टेड इन १९९१’. क्राकाटोआचेही तसेच, ऑगस्ट १८८३. हवाईतल्या किलाउएआच्या पूर्व अंगाला १९८३ मध्ये सुरू झालेला उद्रेक २०१८ पर्यंत चालला. त्या मधल्या काळात त्याविषयी लिहिणारा ‘हॅज बीन इरप्टिंग सिन्स १९८३’ असे लिही. आज लिहिणाऱ्याने तसे लिहिले तर चूक, कारण ती क्रिया संपली. क्रियापदाचे रूप ठरवायला व्याकरणाइतकीच घटनेची माहिती लागते.

४. सगळे फुटते ते ‘इरप्ट’ होत नाही

मराठीतले ‘फुटणे’ फार मोठ्या मनाचे क्रियापद आहे. झाडाला पालवी फुटते, माणसाला घाम फुटतो, बांध फुटतो, पेपर फुटतो, अन्यायाला वाचा फुटते, भांडणाला तोंड फुटते. इंग्रजीत यातल्या बहुतेकांची घरे वेगळी. बांधाला ‘बर्स्ट’, गॅसच्या टाकीला ‘एक्स्प्लोड’, पेपरला ‘लीक’, पालवीला ‘स्प्राउट’. ‘फुटणे’ हा आपल्यासाठी ‘इरप्ट’कडे नेणारा दरवाजा आहे, आत गेल्यावर खोल्या ओळखाव्या लागतात.

‘उद्रेक’चेही असेच. डेंगीचा उद्रेक, साथीचा उद्रेक असे आपण वाचतो आणि मूल ‘इरप्शन ऑफ डेंगी’ लिहिते. रोगाच्या साथीला इंग्रजीत ‘आउटब्रेक’ म्हणतात. अंगावर पुरळ उठले तर मात्र ‘इरप्शन’ चालते, कारण तिथे खरोखरच कातडीतून काहीतरी वर येते. हिरडी फोडून वर येणाऱ्या दातासाठीही दंतवैद्य ‘इरप्ट’च वापरतात, आपण साधेपणाने ‘दात आला’ म्हणतो.

भूकंपाबाबत विशेष जपावे. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आमच्या पिढीने विसरणे शक्य नाही. किल्लारीच्या भूकंपाचा धक्का बिदर-कलबुर्गीकडेही जाणवला. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसे घरांखाली गेली. त्या विषयावरच्या निबंधात ‘ॲन अर्थक्वेक इरप्टेड’ असे वाक्य आले की मी थांबतो आणि समजावतो. भूकंपात जमीन हादरते, आतून काही बाहेर पडत नाही. त्याला ‘स्ट्राइक’ किंवा ‘ऑकर’ लागते. ज्या घटनेत आपली माणसे गेली तिच्यासाठी तरी नेमका शब्द शोधावा. तो त्या माणसांचा मान आहे.

मग लाक्षणिक प्रयोग. राग, हशा, टाळ्या, वाद यांना इंग्रजीत ‘इरप्ट’ मुक्तपणे लावतात, पण पुढे येणारे छोटे शब्द अर्थ बदलतात. ‘द हॉल इरप्टेड इन अप्लॉज’ म्हणजे सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. इथे जागाच कर्ता होते. ‘द आर्ग्युमेंट इरप्टेड इंटू अ फाइट’ म्हणजे वादाचे भांडण झाले. ‘इंटू’ एका गोष्टीचे दुसरीत रूपांतर दाखवतो. ‘फ्रॉम’ कुठून ते सांगतो. ‘इरप्टेड आउट’ मात्र लिहू नये. ‘बाहेर’ हा अर्थ शब्दाच्या पोटातच आहे. तो पुन्हा बाहेरून जोडणे म्हणजे ‘पुन्हा पुनरावृत्ती’ म्हणण्यासारखे होईल. आणि ‘ॲन इरप्शन टूक प्लेस’ असे लांबण लावण्यापेक्षा ‘इट इरप्टेड’ दोन शब्दांत काम करते. मराठीतले ‘उद्रेक होणे’ आपल्याला नामाकडे ओढते. इंग्रजीत क्रियापदावर विश्वास टाकावा.

५. कर्ता कुठे गेला

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येतो. ‘इरप्ट’ला करणारा लागत नाही. डोंगराच्या बाबतीत ते खरे आहे, कारण तिथे करणारा नसतोच. पण हेच क्रियापद माणसांच्या कृत्यांना लावले की काय होते? ‘व्हायोलन्स इरप्टेड.’ मराठी बातमीत त्याचे ‘हिंसाचार उसळला’, ‘दंगल उफाळली’ होते. वाक्य व्याकरणाने शुद्ध आहे. वाचणाऱ्याला मात्र वाटते, की हिंसाचार जमिनीतून आला, लाव्ह्यासारखा. त्याला कोणी आणले नाही आणि कोणाला थांबवताही आले नसते.

आमच्या मुलखाला या वाक्याची किंमत माहीत आहे. १९४८ च्या मे महिन्यात बसवकल्याणच्या परिसरातल्या गोरटा गावावर, हैदराबाद संस्थान भारतात जाऊ नये म्हणून लढणाऱ्या रझाकारांनी हल्ला केला आणि तिथली माणसे मारली. आज गोरट्यात हुतात्म्यांचे स्मारक आहे. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये भारत सरकारने पोलीस कारवाई केली आणि हैदराबाद संस्थान भारतात आले. त्यानंतरच्या दिवसांत हिंदू जमावांनी मुसलमान वस्त्यांवर हल्ले केले. या हल्ल्यांची चौकशी करणाऱ्या पंडित सुंदरलाल यांच्या समितीने सर्वाधिक झळ बसलेले म्हणून जे चार जिल्हे नोंदवले, त्यांत उस्मानाबाद, गुलबर्गा (आजचे कलबुर्गी) आणि नांदेड यांच्यासोबत आमचे बिदरही होते. या दोन्ही गोष्टी एका वर्षातल्या, एकाच मातीतल्या. दोन्हींविषयी ‘१९४८ मध्ये हिंसाचार उसळला’ असे एक वाक्य लिहून मोकळे होता येते, आणि तसे लिहिले की मारणारे आणि मरणारे दोघेही वाक्यातून निघून जातात. दोन्हींपैकी एकाच घटनेचा कर्ता सांगायचा आणि दुसरीसाठी ‘उसळला’ वापरायचे, हेही तितकेच वाईट.

म्हणून वहीतला शेवटचा धडा उलट दिशेचा आहे. आधीच्या धड्यांत मुले नसलेला कर्ता वाक्यातून काढायला शिकतात : डोंगराला कोणी फोडले नाही, तेव्हा ‘वॉज’ नको. शेवटच्या धड्यात ती असलेला कर्ता वाक्यात परत आणायला शिकतात. ‘हिंसाचार उसळला’ हे वाक्य दिले आहे आणि खाली विचारले आहे : कोणी, कोणावर, कुठे, केव्हा? जितके ठाऊक आहे तितके लिहा, आणि लिहिताना ‘फुटणे’ आणि ‘फोडणे’ यांतले योग्य ते निवडा. हा धडा इंग्रजीत आणि मराठीत, दोन्हींत सोडवायचा आहे.

६. वही कशी वापरावी

वहीचे आठ धडे आहेत आणि प्रत्येक धडा एका बैठकीत संपेल एवढाच ठेवला आहे. धड्याच्या आरंभी मराठी वाक्ये आहेत, कारण विचार तिथेच सुरू होतो. विद्यार्थ्याने आधी त्या वाक्यात कर्ता आहे की नाही हे खूण करून ठरवावे आणि मगच इंग्रजीकडे जावे. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर इंग्रजी शिकलेल्या वडीलधाऱ्यांना ही पद्धत ओळखीची वाटेल. वाक्यावरून वाक्याकडे जाण्याची ती जुनी मराठी वाट आहे आणि तिच्यावर माझा विश्वास आहे.

शिक्षकांना एक विनंती आहे. ‘वॉज इरप्टेड’ खोडताना रेघेशेजारी दोनच शब्द लिहावेत : ‘कोणी फोडले?’ मुलगा वाचील, क्षणभर थांबेल आणि पुढच्या वेळी स्वतःच ‘वॉज’ गाळील. तांबड्या रेघेने त्याला चूक कळते, या प्रश्नाने कारण कळते. पालकांनीही इंग्रजी येत नसल्याचा संकोच बाळगू नये. शेतात नांगराला दगड लागला तर तो मुलाच्या हातात द्यावा आणि हा कुठून आला असे विचारावे. उत्तर त्याने मराठीत दिले तरी चालेल, कन्नडमध्ये दिले तरी चालेल. ते उत्तर नीट देता आले, की इंग्रजी वाक्य त्याच्यामागून येते.

माझ्या वर्गांत बसून गेलेल्या मुलामुलींचे या वहीवर ऋण आहे. यातली प्रत्येक चूक त्यांनी कधीतरी केलेली आहे आणि बहुतेक प्रश्न त्यांनीच मला विचारलेले आहेत. ‘गुरुजी, मग लाव्हाला वॉज का चालतो?’ हा प्रश्न मागच्या बाकावरून आला होता. त्याचे उत्तर शोधायला मला बरेच दिवस लागले, आणि या प्रस्तावनेच्या तिसऱ्या भागातला सूत्राचा परिच्छेद त्या दिवसांत तयार झाला. ही वही मी त्या मागच्या बाकाला देत आहे.

मंठाळ, ता. बसवकल्याण, जि. बिदर